साथीत झालेलं अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, आणि आता दुसरी खेप

पत्र : मी अंगणवाडी सेविका आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. एप्रिल २०२१ मध्ये मला आठवा महिना नुकताच लागला होता. सर्वेक्षणासाठी दारोदार फिरत होते, तेव्हा कोरोना झाला. आठवड्याभरात ऑक्सिजन ८८ वर आला. गाडी करून मोठ्या दवाखान्यात नेलं आणि त्याच रात्री सिझर करून मुलगी काढली. १४०० ग्रॅमची होती. तिला पेटीत ठेवलं आणि मला वेगळ्या वॉर्डात. कित्येक दिवस मी तिला पाहिलंही नव्हतं. आता ती बालवाडीत जाते, अंगाने बारीक आहे, पण हुशार आहे. मला पुन्हा दिवस गेलेत, चौथा महिना चालू आहे. नणंद म्हणते, "तेव्हा घरात बसली असतीस तर पोर अपुऱ्या दिवसांची झाली नसती." मी तेव्हा लसही घेतली नाही, ती टोचणी वेगळीच. परवा डॉक्टरांनी फ्लूची लस घ्यायला सांगितली, तर सासूबाई म्हणतात पोटुशी बाईने कसली इंजेक्शनं घ्यायची. पुन्हा तसंच होईल का? नोकरी सोडू का? कृपया नाव छापू नका.

उत्तर :

तुमचं पत्र वाचताना मी आधी तारखा पाहिल्या. "मी तेव्हा लस घेतली नाही," असं तुम्ही लिहिलंय. ताई, एप्रिल २०२१ मध्ये तुम्हाला ती कोणी दिलीच नसती. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याकडे लसीकरण सुरू झालं, तेव्हा गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना लस देऊ नये अशीच केंद्र सरकारची सूचना होती, कारण लसींच्या चाचण्यांमध्ये त्यांना घेतलेलंच नव्हतं. अंगावर पाजणाऱ्यांना परवानगी मिळाली मे महिन्यात आणि गरोदर बायकांना २ जुलै २०२१ रोजी. तोवर तुमची लेक जन्मून दोन महिने उलटले होते. म्हणजे गरोदर म्हणून लसीच्या रांगेतून तुम्हाला बाजूला ठेवलं आणि सर्वेक्षणाची यादी मात्र तुमच्या हातात राहिली. मला याचा आजही राग येतो. तुमच्यासारख्या किती सेविका, आशाताई, परिचारिका त्या महिन्यांत पोट सांभाळत दारोदार आणि वॉर्डावॉर्डांत फिरल्या! कोणाचं चुकलं याचा हिशोब मांडायचाच असेल तर त्यात तुमचं नाव येत नाही.

आता नणंदेच्या म्हणण्याबद्दल. घरात बसलेल्यांनाही त्या एप्रिलमध्ये कोरोना झाला, हे त्यांनाही आठवत असेल. मुंबईच्या नायर रुग्णालयात त्या काळात कोरोना झालेल्या गरोदर बायकांची स्वतंत्र व्यवस्था होती आणि तिथल्या नोंदींचा नीट अभ्यास झाला आहे. पहिल्या लाटेत तिथे आलेल्या ११४३ जणींपैकी ८ दगावल्या. दुसऱ्या लाटेत ३८७ जणींपैकी २२. म्हणजे मृत्यूचं प्रमाण हजारी ७ वरून हजारी ५७ वर गेलं. लक्षणं असलेल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. तुम्ही या दुसऱ्या लाटेच्या ऐन तडाख्यात सापडलात. त्यातून तुम्ही दोघी वाचलात, हे मला या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य वाटतं, आणि तुम्ही ते लिहिलेलंच नाही.

बाळ लवकर का काढावं लागलं, हे तुम्हाला कोणी बसून सांगितलेलं दिसत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

गरोदरपणात बाईला दोघांपुरता श्वास घ्यावा लागतो. शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण पाचव्या हिश्श्याने वाढते आणि नेमकी तेव्हाच वाढत्या गर्भाशयामुळे पोट व छातीमधला पडदा वर सरकतो, त्यामुळे श्वास सोडल्यावर फुफ्फुसांत उरणारी हवा कमी होते. एरवी हे जाणवत नाही. जिना चढताना थोडी धाप लागते, एवढंच. पण फुफ्फुसांना सूज आणणारा विषाणू आला की हाताशी शिल्लक काहीच राहत नाही आणि ऑक्सिजन भराभर उतरतो. आईचा उतरला की बाळाचाही उतरतो. त्यात गरोदरपणात रक्त मुळातच गोठण्याकडे झुकलेलं असतं, कोरोनाने ते आणखी झुकवलं. काही जणींच्या वारेवर थेट परिणाम झाला. बाळापर्यंत विषाणू पोचण्याचं प्रमाण फार कमी होतं, पण वारेत सूज येऊन रक्ताचे धागे साचले की बाळाचं पोषण आणि ऑक्सिजन आईच्या पोटातच तुटतो. अमेरिकेत मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळातल्या साडेबारा लाखांच्या आसपास बाळंतपणांचा आढावा घेतला गेला. कोरोना नसलेल्या बायकांमध्ये पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाण शेकडा ०.६४ होतं, कोरोना असलेल्यांत १.२६, आणि डेल्टा विषाणू पसरला त्या महिन्यांत २.७०. आपल्याकडची दुसरी लाट याच डेल्टाची होती.

आता तुमच्या सिझरकडे बघा. अठरा देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कोरोना झालेल्या आणि न झालेल्या गरोदर बायकांची तुलना केली होती. कोरोना झालेल्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं सुमारे दीडपटीहून थोडी जास्त निघाली. पण त्यातली बहुतेक डॉक्टरांनी ठरवून केलेली होती. आईचा रक्तदाब चढला, बाळाची वाढ थांबली, ठोके बिघडले, आईला श्वास पुरेना, अशा कारणांसाठी. आपसूक कळा सुरू होऊन लवकर झालेल्या बाळंतपणांत दोन्ही गटांमध्ये फारसा फरक नव्हता. तुमची लेक तुमच्या शरीराने टाकलेली नाही. ८८ वर आलेल्या ऑक्सिजनमध्ये तिला आत ठेवणं धोक्याचं आणि पोट मोकळं केल्याने तुमच्या फुफ्फुसांनाही थोडी जागा मिळेल, असा विचार करून त्या रात्री कोणीतरी निर्णय घेतला. तो तुमच्या दोघींवरचा उपचार होता. नणंदेला हे एकदा शांतपणे सांगा. त्या वाईट मनाने बोलत असतील असं मला वाटत नाही. घाबरलेल्या घराला कारण हवं असतं आणि ते बहुतेक वेळा सुनेच्या गळ्यात पडतं.

हे कोरोनापुरतंच आहे, असंही नाही. तुमच्या घरात कोणी जुन्या माणसांकडून मानमोडीच्या साथीबद्दल ऐकलं असेल. १९१८ ची ती इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरातून आत आली आणि मुंबई इलाख्यात तिने गावंच्या गावं रिकामी केली. त्या साथीत अमेरिकेत १३५० गरोदर बायकांची माहिती गोळा झाली होती. न्यूमोनिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींचं गर्भारपण मध्येच संपलं आणि न्यूमोनिया न झालेल्यांतही चारांत एकीचं. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तो काळ तुम्हाला आठवत असेल. त्या वेळी ब्रिटनमध्ये फ्लूमुळे दवाखान्यात दाखल झालेल्या गरोदर बायकांची बाळंतपणं लवकर होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट होती आणि जन्माच्या आगेमागे बाळ दगावण्याचं प्रमाण हजारी ७ च्या जागी ३९. साथी बदलल्या, विषाणू बदलले, पण शंभर वर्षं गरोदर बाईवर पहिला घाला तोच. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी फ्लूची लस सांगितली.

सासूबाईंची शंका मला रास्त वाटते. त्यांच्या पिढीत पोटुशी बाईला धनुर्वातापलीकडे लस माहीत नव्हती. पण ती धनुर्वाताची लस त्यांनी स्वतः घेतली असणार आणि तीही इंजेक्शनच होती. फ्लूची टोचून घ्यायची लस मेलेल्या विषाणूपासून बनवतात, त्यातून फ्लू होत नाही. गरोदरपणात कोणत्याही महिन्यात ती चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ पासून फ्लूच्या लसीसाठी गरोदर बायकांना सर्वांत आधीच्या रांगेत ठेवलं आहे. नाकात फवारायची एक लस असते, तिच्यात जिवंत विषाणू असतो; ती मात्र गरोदरपणात घ्यायची नाही. सासूबाईंना पटेल असं आणखी एक कारण आहे. बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत ही लस देता येत नाही. त्या सहा महिन्यांत त्याच्याकडे संरक्षण असतं ते आईने घेतलेल्या लसीतून वारेवाटे त्याला मिळालेलं. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि पुन्हा थंडीच्या अखेरीला. तुम्ही चौथ्या महिन्यात आहात, आता घेतलीत तर उरलेलं गरोदरपणही झाकलं जाईल. कोरोनाच्या लसीचे आधी किती डोस झालेत ते डॉक्टरांना सांगा आणि आणखी हवा का, हे त्यांनाच ठरवू द्या.

लसीचा उपयोग खरोखर होतो का, हे विचारणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियातली एक गोष्ट. २०२० च्या उत्तरार्धात तिथे कोरोना झालेल्या गरोदर बायकांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची शक्यता शेकडा पाचहून अधिक अंकांनी वाढलेली दिसली. २०२२ पर्यंत ही वाढ नाहीशी झाली. आणि ज्या वस्त्यांमध्ये लसीकरण लवकर व जास्त झालं, तिथे ती इतर वस्त्यांपेक्षा बरीच आधी गेली. तुमच्यावर जे गुदरलं ते तेव्हाच्या विषाणूचं आणि तेव्हाच्या उघड्या शरीराचं होतं. आज दोन्ही तसे राहिलेले नाहीत.

पुन्हा तसंच होईल का, हा तुमचा खरा प्रश्न. आधी एकदा बाळंतपण लवकर झालं असेल तर पुढच्या खेपेला ती शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त धरतात, पण का लवकर झालं यावर सगळं अवलंबून असतं. तुमच्या बाबतीत कारण कोरोनाने फुफ्फुसांना आलेली सूज, म्हणजे न्यूमोनिया, होता असं दिसतं आणि तो आता नाही. तरी त्या रात्रीचे कागद शोधा. डिस्चार्ज कार्ड घरात नसेल तर त्या दवाखान्याच्या नोंद विभागात अर्ज करून प्रत मागा, मिळते. त्यात तुमच्या आताच्या डॉक्टरांना तीन गोष्टी बघायच्या आहेत. पहिली, तेव्हा रक्तदाब वाढला होता का, लघवीत प्रथिनं जात होती का. तसं असेल तर या खेपेला लवकर काळजी घेता येते, कमी मात्रेची अॅस्पिरिन द्यायची का हेही डॉक्टर याच महिन्यांत ठरवतात. दुसरी, बाळाची वाढ आजाराच्या आधीपासूनच कमी होती का. तिसरी, जी कोणीच विचारत नाही, ती म्हणजे गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा. आठव्या महिन्याच्या सुरुवातीला गर्भाशयाचा खालचा भाग पुरता तयार झालेला नसतो, म्हणून काही वेळा उभा छेद घ्यावा लागतो. पोटावरच्या वणावरून ते कळत नाही. आत उभा छेद असेल तर पुढच्या बाळंतपणात कळांची वाट बघायची नसते, आधीच दिवस ठरवून सिझर करावं लागतं. हे माहीत नसताना गावात कळा सुरू झाल्या तर धोका मोठा आहे. छेद कसाही असो, हे बाळंतपण ऑपरेशन आणि रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच करायचं. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वार कुठे आहे, जुन्या टाक्यांवर तर बसलेली नाही ना, हे मुद्दाम विचारा.

तपासण्या चुकवू नका. साथीची नुसती कुणकुण लागली तरी घरची माणसं म्हणतात, "दवाखान्यात गर्दी असते, जाऊ नको." नेपाळमध्ये २०२० च्या टाळेबंदीत दवाखान्यांत होणारी बाळंतपणं जवळपास निम्म्यावर आली. तिथे पोचलेल्यांमध्येही मृत जन्मलेल्या बाळांचं प्रमाण हजारी १४ वरून २१ झालं आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचा टक्काही वाढला. काही श्रीमंत देशांत टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत ही बाळंतपणं तीन-चार टक्क्यांनी घटली होती, हे खरं आहे. त्याचाच आधार घेऊन "बघा, घरात बसवलेलं बरं" असं कोणी म्हणेल. पण त्या देशांतली दवाखान्याची वाट बंद झाली नव्हती. आपल्याकडे ती बंद होते तेव्हा पहिली झळ गरोदर बायकांनाच लागते. मास्क लावा, सकाळच्या पहिल्या वेळेत जा, पण जा.

ताप आला तर काय करायचं, हे आत्ताच ठरवून ठेवा. पॅरासिटामॉल चालतं, आणि ताप अंगावर काढायचा नाही. दुकानातून दुखण्याची दुसरी गोळी आणायची नाही. आयब्युप्रोफेनसारखी औषधं पाचव्या महिन्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, आणि तो ताप डेंग्यूचा असला तर रक्तस्रावाचा धोकाही वाढवतात. ताप, खोकला, अंगदुखी सुरू झाली की त्याच दिवशी दाखवा आणि "मी गरोदर आहे, मागच्या वेळी न्यूमोनिया झाला होता" हे पहिल्या वाक्यात सांगा. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग होतो. डॉक्टरांना फ्लूची शंका असेल तर रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं. ऑक्सिमीटर तुमच्या घरी असेलच. शांत बसलेलं असताना ९५ च्या खाली आकडा दिसला, बोलताना दम लागला, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, ओटीपोट थोड्या-थोड्या वेळाने कडक येऊ लागलं, पाणी किंवा रक्त गेलं, डोकं सारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, यातलं काहीही झालं तर रात्र आहे म्हणून थांबू नका. १०८ लावा. आणि नवऱ्याला हे आधी वाचायला द्या, म्हणजे ऐनवेळी त्यांना समजावत बसावं लागणार नाही.

कळा खरोखरच लवकर सुरू झाल्या तर? तेव्हाही वेळेवर पोचण्याला किंमत आहे. चौतिसाव्या आठवड्याच्या आत बाळंतपण होईल असं दिसलं तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याने बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. ती काम करायला काही तास लागतात, म्हणून पहिल्या कळेला निघायचं. शेजारची कोणी आजी "सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" असं म्हणाली तर मनावर घेऊ नका. पोटात घालवलेला प्रत्येक आठवडा बाळाला बळ देतो, आणि आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त तगतं. तुमची लेकच त्याला साक्ष आहे.

मागच्या वेळी तुम्हाला बाळापासून दूर ठेवलं, ते दुःख मला पत्रात ओळीओळीला दिसलं. त्या वेळी भीतीपोटी अनेक ठिकाणी तसं झालं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं तेव्हाही असंच होतं की आईला कोरोना असला तरी तिने मास्क लावून बाळाला छातीशी धरावं आणि पाजावं, कारण लहान बाळाला आईच्या उघड्या छातीवर कांगारू पद्धतीने ठेवल्याने वाचणारे जीव संसर्गाने जाणाऱ्या जिवांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मल्या-जन्मल्या असं छातीशी ठेवलं तर मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी झाले. या वेळी प्रसंग आला तर तुम्ही स्वतः मागा : "मला माझं बाळ छातीशी हवं." कोणी नाही म्हणालं तर कारण विचारा.

मुलीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी सांगते. १४०० ग्रॅमच्या बाळाची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर साधारण महिन्याभरात व्हायला हवी होती, कानांचीही. साथीच्या धामधुमीत ती राहून गेली असेल तर आता एकदा दाखवून घ्या. तुमच्याच अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. इतरांच्या मुलांची नावं पुढे करताना आपल्या लेकीचंही करा. बारीक अंग हे घाबरण्याचं कारण नाही, तिची वाढीची रेघ वर चढते आहे ना, एवढं बघा. ती तुम्ही रोज इतरांसाठी बघताच.

आणि नोकरी. सोडू नका. तुमच्या मुलीच्या लवकर येण्याचं कारण नोकरी नव्हती, आणि घरातला तुमचा आवाज त्या मानधनामुळे टिकून आहे हे तुम्हालाही माहीत आहे. पोषण आहाराची पोती आणि भरलेली पातेली उचलायचं काम मदतनीस ताईंवर किंवा गावातल्या कोणावर सोपवा. खोकणारं-शिंकणारं मूल आलं तर मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, हात धुवा. गावात तापाची साथ असेल तेव्हा गृहभेटी थोड्या दिवसांसाठी दुसऱ्या सेविकेकडे द्यायला पर्यवेक्षिकेला लेखी विनंती करा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. सेविकांना मानधनासह १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. त्या रजेचा अर्ज सातव्या महिन्यातच भरून ठेवा.